आधी इलियड की आधी ओडिसी? देवांकडे बघून ठरवायचं असेल तर

कथानकं ठाऊक आहेत असं धरून चालतो. दोन्ही प्राचीन ग्रीक महाकाव्यं, होमर या कवीच्या नावावर, दोन्ही 24 सर्गांची. इलियड ट्रॉयच्या युद्धाची, ओडिसी तिथून ओडिसियसच्या घरी परतण्याची. सुट्टीत एकच वाचून होणार असेल आणि देव माणसांच्या भानगडीत कसे पडतात याचीच उत्सुकता असेल, तर कुठलं घ्यावं? मी ओडिसीपासून सुरुवात केली होती.

ओडिसी सोपी जाते, हे कबूल. देव मोजके आणि वैर समजण्यासारखं: ओडिसियसने लेकाचा डोळा फोडला म्हणून समुद्रदेव पोसायडन खवळलेला, अथीना देवी ओडिसियसच्या पाठीशी. तिची मदतही अगदी घरच्यासारखी. ओडिसियसच्या मुलाचं, टेलेमाकसचं, रूप घेऊन गावभर फिरून त्याच्यासाठी नाव आणि खलाशी जमवते, नवरा-बायकोची भेट झाल्यावर रात्रच लांबवते. 13व्या सर्गात ओडिसियस तिला न ओळखता तिलाच थाप मारतो, आणि ती हसून त्याला कुरवाळते. देव आणि माणूस इतके मोकळे झालेले मला इलियडमध्ये दिसले नाहीत.

इलियडमध्ये नुसती गर्दी. हेरा, अथीना, पोसायडन ग्रीकांकडून. अपोलो, अफ्रोडायटी, युद्धदेव एरीस ट्रॉयकडून. लबाडी तर उघड्यावर चालते. ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस द्वंद्वात हरायला आला की अफ्रोडायटी त्याला धुक्यात लपेटून थेट शयनगृहात नेऊन ठेवते. अथीना भावाचं रूप घेऊन ट्रॉयच्या हेक्टरला ग्रीक वीर अकिलीससमोर उभं करते. भाला फेकून झाल्यावर तो दुसरा मागायला वळतो, तर भाऊ जागेवर नाही. तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

तरी माझं मन ओडिसीवरून उडालं, आणि तेही एका किरकोळ पात्रापायी. अॅम्फिनोमस. ओडिसियसच्या बायकोशी, पेनेलोपीशी, लग्न करायला तिच्या घरी ठाण मांडून बसलेल्यांपैकी एक, पण बरा माणूस. टेलेमाकसला मारायचा बेत शिजतो तेव्हा ‘आधी देवांचा कौल घेऊ’ म्हणून अडवणारा हाच. भिकाऱ्याच्या वेषातल्या ओडिसियसपुढे दोन भाकऱ्या ठेवून सोन्याच्या पेल्याने त्याचं भलं चिंतणाराही हाच. 18व्या सर्गात ओडिसियस त्याला आडून सांगतो, बाबा, वेळेत घरी जा. त्याच्या काळजात चर्र होतं, मान हलवत तो मागे फिरतो. आणि जाऊन पुन्हा आपल्याच खुर्चीवर बसतो, कारण टेलेमाकसच्या हातून मरण्यासाठी अथीनेने त्यालाही जखडून ठेवलेलं असतं. पुढे पाठीत भाला बसतो.

याच काव्याच्या सुरुवातीला देवांचा राजा झ्यूस बजावतो, की माणसं आपल्याच मूर्खपणाने भोगतात आणि बोल मात्र आम्हाला लावतात. राजा अगामेम्नॉनचा खून करणाऱ्या एजिस्थसला तर आम्ही आधी सावधही केलं होतं म्हणे! मग सावध केल्यावर ज्याच्या काळजात चर्र झालं, त्या अॅम्फिनोमसला कोणी धरून ठेवलं? ओडिसियसला घरी पोचवणाऱ्या फायेशियन लोकांचं जहाज पोसायडनच्या रागाने दगड होतं, तेव्हाही मी असाच अडलो. जाणकार याचं वेगळं उत्तर देतीलही. मला मात्र न्यायाची भाषा करून केलेला पक्षपात जास्त खुपतो.

इलियडमधले देव तसा आवच आणत नाहीत, आणि त्यांनाही किंमत मोजावी लागते. 16व्या सर्गात झ्यूसचा स्वतःचा मुलगा सार्पेडॉन मरणाच्या दारात असतो. वाचवावं का, असं त्याच्या मनात येतं. हेरा सुनावते, मग बाकीचे देवही आपापल्या पोरांसाठी हेच मागतील. तो गप्प बसतो, जमिनीवर रक्ताचा पाऊस पाडतो, आणि नंतर निद्रा आणि मृत्यू या जुळ्या भावांकरवी पोराचं प्रेत लिशियाला पोचवतो. ओडिसीत पोसायडनलाही मुलाचं दुःख आहे, पण त्याचा सगळा रागच होतो.

दुसऱ्या सर्गात जहाजांची लांबलचक यादी आहे. कंटाळा आला तर खुशाल चाळून पुढे जा. 16वा मात्र एका बैठकीत वाचा.