युरोपचा ऐतिहासिक नकाशासंग्रह (१७८९ ते १९१४): काही महिने वापरल्यानंतर

स्पर्धा परीक्षेच्या मुलांना जगाचा इतिहास शिकवताना गाडी नेहमी एकाच ठिकाणी अडते. फ्रेंच राज्यक्रांती समजते, नेपोलियन आवडतो, आणि १८१५ ची व्हिएन्ना परिषद (नेपोलियनच्या पाडावानंतर युरोपची नव्याने वाटणी करणारी बैठक) आली की वर्ग गळपटतो. कोणाचा मुलूख कोणाला गेला, हे घोकून डोक्यात राहत नाही. त्यासाठीच हा इंग्रजी नकाशासंग्रह मागवला. पावसाळ्यापासून तो रोज हाताशी आहे, आता सविस्तर लिहायला हरकत नाही.

याची खरी मजा एकच गाव धरून पानं उलटत जाण्यात आहे. पोलंडमधलं क्राकोव्ह घ्या. १७९५ मध्ये रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी केलेल्या तिसऱ्या फाळणीत पोलंडच नकाशावरून पुसला गेला आणि हे शहर ऑस्ट्रियाच्या वाट्याला आलं. १८०९ च्या पानावर ते नेपोलियनने उभ्या केलेल्या वॉर्सा डचीत (छोट्या पोलिश राज्यात) दिसतं. १८१५ मध्ये ते ‘स्वतंत्र शहर’ झालं: रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका. १८४६ मध्ये तिथे उठाव झाला आणि ऑस्ट्रियाने तो ठिपकाही गिळला. माणसं त्याच गल्लीत, त्याच घरात, आणि पन्नास-एक वर्षांत चार वेळा राजवट बदलली. फळ्यावर कितीही खडू झिजवला असता तरी हे मुलांपर्यंत पोचलं नसतं.

जर्मनीचंही तसंच. १७८९ च्या पानावर तीनशेहून जास्त लहानमोठी राज्यं आहेत. १८०६ मध्ये नेपोलियनच्या दबावाखाली या राज्यांना सैलसर बांधणारं पवित्र रोमन साम्राज्य मोडलं, आणि १८१५ च्या जर्मन संघात चाळीसही राज्यं उरत नाहीत. एकीकरणाचं सगळं श्रेय प्रशियाच्या पंतप्रधान बिस्मार्कला देऊन मोकळं होणाऱ्यांनी ही दोन पानं शेजारी ठेवून पाहावीत. निम्मी झाडलोट आधीच झाली होती, तीही एका फ्रेंच सम्राटाच्या हातून. इटलीची पानं चांगली आहेत. १८६० मध्ये नीस फ्रान्सला दिलं गेलं, म्हणजे इटलीच्या एकीकरणासाठी लढलेल्या गॅरिबाल्डीचं जन्मगावच देशाबाहेर राहिलं, हे मुलांनी स्वतः बोट ठेवून शोधलं.

आता नाराजी. १८४८ च्या युरोपभरच्या उठावांना इथे जेमतेम अर्धं पान मिळालंय. जानेवारीत पालेर्मो, फेब्रुवारीत पॅरिस, मार्चमध्ये व्हिएन्ना आणि बर्लिन. ऑस्ट्रियाच्या चॅन्सेलर मेटर्निखला देश सोडून पळावं लागलं. हंगेरी इतकी पेटली की १८४९ मध्ये ती विझवायला रशियाची फौज यावी लागली. पण सीमारेषा फारशा हलल्या नाहीत, म्हणून १८४७ चा आणि १८५० चा नकाशा जवळपास सारखाच. त्या एका वर्षात ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातल्या शेतकऱ्यांची वेठ कायमची गेली, लाखो घरांचं जगणं बदललं, आणि इथे त्याची खूण नाही. कोणत्याही नकाशाची ही मर्यादा असेल, पण सोबतच्या मजकुरात दोन परिच्छेद द्यायला काय हरकत होती? हैतीचं, म्हणजे फ्रान्सच्या कॅरिबियन वसाहतीचं, तर नावच नाही. १७९१ मध्ये तिथल्या गुलामांनी बंड केलं, १८०४ मध्ये स्वतंत्र देश झाला. ही फ्रेंच क्रांतीचीच गोष्ट आहे. ती गाळली की ‘समता’ कोणापुरती होती हा प्रश्नच वर्गात उभा राहत नाही.

छपाई सुबक आहे. बांधणी मात्र घट्ट असल्याने जोडपानी नकाशात बोहेमिया (आजच्या चेक देशाचा भाग) मधल्या घडीत जातो आणि दाबून धरल्याशिवाय दिसत नाही. गुळगुळीत कागदावर ट्यूबलाइट चमकते. उस्मानी (तुर्की) साम्राज्याचा पूर्वेकडचा भाग पानाच्या कडेलाच कापलाय, त्यामुळे रशिया-तुर्की युद्धानंतरच्या १८७८ च्या बर्लिन करारात बाल्कनमध्ये काय झालं ते कळतं, कॉकेससकडे काय झालं ते नाही.

किंमत एकट्या विद्यार्थ्याला जड आहे. दोघा-तिघांत मिळून घ्यावा, किंवा अभ्यासिकेला घ्यायला लावावा. आणि सुरुवात पहिल्या पानापासून करू नका, तिथली ती शेकडो राज्यं बघूनच मूल पुस्तक मिटतं. १८१५ चं पान आधी उघडा, तिथून मागे १७८९ कडे या, आणि १८४८ साठी वेगळी वही ठेवा.