आप्पांचा 'पट्टीवाला' : 'गेम सेंटर सीएक्स' बघताना

आमच्या आप्पांना जपानी येत नाही, इंग्रजीही येत नाही. तरी रविवारी जेवणं आटोपली, की पलंगावर उशीला टेकून ते विचारतात, "पट्टीवाला लावतोस काय रे?"

पट्टीवाला म्हणजे शिन्या अरिनो. जपानच्या फुजी टीव्हीच्या पैसे भरून बघायच्या चॅनेलवर नोव्हेंबर २००३ मध्ये 'गेम सेंटर सीएक्स' नावाचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून तोच त्याचा नायक. ओसाकाकडचा विनोदी कलाकार, 'योइको' या जोडीतला एक. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा एकतीस वर्षांचा होता, आता पन्नाशी ओलांडली. काम एकच : जुना व्हिडिओ गेम घ्यायचा आणि त्याचा शेवट दिसेपर्यंत खेळायचा. सकाळी बसला तर रात्र होते. डोकं तापलं की लहान पोरांना तापात लावतात तसली थंड जेलची पट्टी तो कपाळाला चिकटवतो. आप्पांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांना वाटलं, बिचारा आजारी आहे.

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सेक्शन इनचार्ज आहे. हायड्रॉलिकचे पार्ट करतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मशिनं थंड पडली होती, मी वडगावच्या घरात बसून होतो आणि जुन्या गेमचे व्हिडिओ शोधता शोधता हा माणूस सापडला. चाहत्यांनी इंग्रजी सबटायटल टाकलेला एपिसोड होता. पहिल्या दोन मिनिटांत मी सरसावून बसलो, त्याचं कारण गेम नव्हता. अंगावर कंपनीचा जाकीट, कारखान्यात घालतात तसला. आणि सगळे त्याला 'काचो' म्हणतात. काचो म्हणजे सेक्शनचा प्रमुख. म्हणजे माझाच हुद्दा की! मशीन चालू करताना तो "काचो ऑन!" म्हणतो आणि कामाला लागतो.

कामाला लागतो हाच शब्द बरोबर आहे. या कार्यक्रमाबद्दल मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं आहे. गेम खेळणाऱ्यांचे व्हिडिओ आता पायलीला पन्नास मिळतात. त्यातली बहुतेक पोरं बोटांची जादूगार असतात. त्यांचं कौतुक वाटतं, पण बघून पोट भरत नाही. अरिनोला गेम तितकासा येत नाही. त्याच खड्ड्यात तो पाचव्यांदा पडतो, दहाव्यांदा पडतो. पडल्यावर हसतो, कण्हतो, स्वतःशी बोलतो आणि पुन्हा बसतो. कॅमेरा हे सगळं दाखवतो. आमच्याकडे नवीन जॉब लागला की पहिल्या दिवशी असंच असतं. बोअर, म्हणजे पार्टमधलं भोक, चार मायक्रॉननं मोठा निघतो, ऑफसेट (मशिनला दिलेलं हत्याराचं माप) बदलायचा, पुढचा पीस लहान निघतो, इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) बदलायचा, तिसरा बरा येतो आणि चौथ्याला पुन्हा फिनिश जातं. संध्याकाळी रॅकवर चांगले पीस दिसतात. त्यामागचा दिवस कुणी बघत नाही. मी तर टीव्हीवर तो दिवस दाखवलेला इथेच पहिल्यांदा बघितला.

आता गेमबद्दल. जपानमध्ये निन्टेन्डोनं फॅमिकॉम हे यंत्र १५ जुलै १९८३ ला बाजारात आणलं. आपल्याकडे 'टीव्ही गेम' म्हणून जे यायचं ते बहुतेक त्याचीच नक्कल. आमच्या लहानपणी गल्लीच्या तोंडाला एका दुकानात असले दोन गेम होते, तासाला पाच रुपये. पिवळी कॅसेट, लागली नाही तर काढून फुंकर मारायची. माझा जीव 'आयलँडर'वर. पानं नेसलेला तो टोपीवाला माणूस, कुऱ्हाड फेकत पळतो, फळं खाल्ली नाहीत तर वरची रेघ कमी होत जाते आणि अंड्यातून कधी कधी वांगं निघतं. वांगं निघालं की सगळी पोरं ओरडायची, कारण ते मागं लागलं की रेघ भराभर उतरायची. एकदा सातव्या एरियापर्यंत पोचलो होतो, आयुष्यात पहिल्यांदा. दुकानदारानं घड्याळ बघितलं आणि मागून बटण बंद केलं. तास संपला होता, त्याचंही बरोबर होतं. पण मी घरी येऊन रडलो होतो, हे अजून लक्षात आहे.

या कार्यक्रमाच्या नादानं मी जुन्या गेमबद्दल वाचायला लागलो आणि मग कळलं की तो पानं नेसलेला माणूस खरा आहे! हडसन नावाच्या कंपनीतला नोकरदार, ताकाहाशी मेइजिन. सेकंदाला सोळा वेळा बटण दाबायचा म्हणून जपानभर प्रसिद्ध. १९८६ च्या त्या गेमचं जपानी नावच 'ताकाहाशी मेइजिनचं साहसी बेट' असं आहे. दुसरी गोष्ट कळली त्यानं मात्र मी अर्धा तास गप्प बसलो. पहिल्याच स्टेजच्या शेवटी हडसन कंपनीच्या खुणेची एक मधमाशी लपलेली असते. ती घेतली, तर गेम ओव्हर झाल्यावरही त्याच एरियापासून पुढं खेळता येतं. आमच्या सगळ्या गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. सगळी वर्षं आम्ही पहिल्यापासून सुरुवात करत होतो.

अशी माहिती सांगायला माणसं बाजूला असली पाहिजेत आणि 'गेम सेंटर सीएक्स'चा खरा प्राण तिथेच आहे. अरिनो एकटा नसतो. असिस्टंट डायरेक्टर पोरं बाजूच्या खोलीत बसून बघत असतात. काचो अगदीच अडकला की दार उघडतं आणि एक पोरगा फळा घेऊन आत येतो. फळ्यावर स्टेजचं चित्र काढलेलं. इथे राक्षस, इथे खड्डा, इथून उडी. पोरगं त्याच्याहून लहान, पगारानं लहान, पण त्या पाच मिनिटांत ते शिकवतं आणि काचो मान डोलावत ऐकतो. कधी कधी पोरगंच रिमोट हातात घेऊन तेवढा भाग पार करून देतं. आत आलेलं पोरगंही घाबरलेलं असतं, कारण सगळ्यांसमोर आता त्यालाही पडायचं नाही. मी फळा आणणाऱ्या त्या पोरांचे हात बघत बसतो. मार्कर धरलेली बोटं थरथरतात.

हे बघून मी माझ्या खात्यात एक गोष्ट बदलली. आमच्याकडे आयटीआयची अप्रेंटिस पोरं असतात. आधी सेटिंग मी करायचो आणि ती लांबून बघायची. आता अडलं की मी त्यांनाच विचारतो, "तुला काय वाटतं रे?" पहिले काही दिवस कुणी बोलायचं नाही. मग खानापूरकडच्या एका पोरानं सांगितलं की पीस धरणाऱ्या फिक्स्चरच्या खाली चिप, म्हणजे कापताना निघालेला धातूचा कीस, अडकतेय, म्हणून पीस तिरका बसतोय. मी तीन तास ऑफसेट बदलत बसलो होतो.

सुरुवात कुठल्या गेमपासून करावी? सगळ्यात पहिलं आव्हान होतं ते 'ताकेशीचं आव्हानपत्र', तैतो कंपनीचा १९८६ चा गेम, प्रसिद्ध कलाकार बीट ताकेशी यांच्या डोक्यातून निघालेला. यात फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटमधल्या माईकवर गाणं म्हणावं लागतं. हो, मूळ यंत्राच्या दुसऱ्या रिमोटला माईक होता, आमच्या दुकानातल्याला तो नव्हता. एका ठिकाणी तर नकाशा उमटायला तासभर रिमोटला हातही न लावता थांबावं लागतं. इतका आडमुठा गेम कुणी का काढावा, याचं उत्तर मला अजून मिळालं नाही, पण त्याच्याशी झुंजणारा माणूस बघायला मिळाला.

माझं मत विचाराल तर 'माकाइमुरा' आधी बघा. कॅपकॉमचा चिलखतवाल्या शिपायाचा गेम. एक फटका बसला की चिलखत गळून पडतं आणि शिपाई नुसत्या चड्डीवर पळतो, दुसऱ्या फटक्याला हाडं. सगळ्या स्टेज पार केल्या की कळतं हा भास होता, पुन्हा पहिल्यापासून खेळा, दुसऱ्यांदा पोचलात तरच खरा शेवट. रात्री उशिरापर्यंत झगडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ही बातमी कशी उतरते ते बघण्यासारखं आहे. पुढं काय होतं ते मी लिहिणार नाही. 'अटलांटिसचं गूढ' हाही बघा. सनसॉफ्टचा, शंभर झोनचा. यातला बेचाळिसावा झोन म्हणजे ब्लॅक होल : आत शिरलं की खाली जमीनच नाही, सरळ मरण. करायला काही नाहीच. आमच्या शेजारचे कन्नड बोलणारे काका त्या वेळी आमच्याकडे टेकले होते. ते एवढंच म्हणाले, "होत नोड!" गेला बघ. तेवढ्यात सगळं आलं.

मधला एक भाग मला गेमइतकाच आवडतो. अरिनो जुनी गेम सेंटरं आणि चॉकलेट-गोळ्यांची छोटी दुकानं शोधत जातो, जिथे अजून एखादं जुनं नाणं टाकायचं मशीन चालू आहे. दुकानात आजीबाई. तो दहा येनचा खाऊ घेतो, खेळतो, हरतो, आजींशी गप्पा मारतो. आप्पा अशा वेळी गप्प होतात. वडगावात आमचे दोन माग होते, साड्यांचे. २०११ मध्ये विकले. बंद मागाचा आवाज कसा असतो ते आप्पांना विचारावं लागत नाही. एकदा एका दुकानातलं मशीन चालू झालं, आतून खडखड आवाज आला तसे ते म्हणाले, "तेल पाहिजे त्याला."

उणिवाही सांगतो. कार्यक्रम तासाभराचा आणि आत दहा-बारा तासांचं खेळणं बसवलेलं, त्यामुळे कधी कधी नेमका तो क्षण कापलेला असतो, जिथे हात वळला. मला तो बघायचा असतो. मदतीची पोरं काही एपिसोडमध्ये फार लवकर आत येतात, अजून तासभर त्याला झगडू द्यायला हवं होतं असं वाटतं. सबटायटल काही ठिकाणी इतके भरभर जातात की थांबवून वाचावे लागतात. आपल्याकडच्या कुठल्याही चॅनेलवर मला हा कार्यक्रम दिसलेला नाही. अमेरिकेत 'रेट्रो गेम मास्टर' या नावानं काही एपिसोड इंग्रजीत निघाले आणि यावरून निघालेला निन्टेन्डो डीएस या हातात धरून खेळायच्या यंत्राचा गेमही २००९ मध्ये तिकडे 'रेट्रो गेम चॅलेंज' म्हणून विकला गेला. मराठीत सबटायटल कुणी केले तर मी आनंदानं तपासून देईन, फुकट.

पण आप्पांना सबटायटल लागत नाहीत, हे मी सुरुवातीलाच सांगितलं. बेळगावात वाढलेल्या माणसाला अर्धी कळलेली भाषा नवीन नाही. मागावर मराठी, सूत आणायला गेलं की कन्नड, व्यापारी आला की हिंदी, शब्द कळला नाही तर चेहऱ्यावरून समजून घ्यायचं. आप्पा तसंच बघतात. अरिनो खड्ड्याजवळ आला की ते उशीवरून उठतात. "काय करूलालाय हा? मागं ये की खुळ्या, मागं ये!" मग पडतो. मग आप्पा माझ्याकडे बघतात, जणू मीच पाडला. एकदा शेवटच्या राक्षसापाशी नेमकी लाईट गेली. बाहेर जुलैचा पाऊस धो धो. रात्री साडेदहाला लाईट आली तेव्हा मी झोपायला लागलो होतो. आप्पांनी दार वाजवलं, "लाव की रे, त्याचं काय झालं बघू."

गेल्या दिवाळीत मी जुन्या बाजारातून एक टीव्ही गेम घेतला, कॅसेटसकट साडेचारशेला. अडॅप्टर जळका होता, तो बदलला. आयलँडर लागतो. मधमाशी घ्यायला शिकलोय. आठव्या एरियाच्या दुसऱ्या स्टेजला ढगांवरून उड्या मारायच्या आहेत आणि मी तिथे रोज पडतो. आप्पांनी मागाच्या हिशेबाची जुनी वही काढली आहे. मागच्या कोऱ्या पानांवर ते ढग काढतात, मी कुठून पडलो तिथे फुली मारतात. काल एकवीस फुल्या झाल्या. बाविसावी उडी कुठून मारायची तेही त्यांनी पेन्सिलीनं बाण काढून ठेवलंय.