फटाका सायलेन्सर की समोरचा दिवा? पुतण्याच्या बुलेटचा हिशेब

पुतण्याची बुलेट २०१४ ची, जुनी घेतलेली. यंदा कापसाचे पैसे हाती आले तसं त्यानं जाहीर केलं, पहिलं काम सायलेन्सरचं. कंपनीचा काढायचा आणि ‘पंजाब’ नाहीतर ‘इंदोरी फटाका’, म्हणजे फटाके फुटल्यासारखा मोठा आवाज करणारा बसवायचा. घरात कटकट होणार हे ठाऊक असल्यानं कारणही तयार ठेवलं होतं. “काका, आवाज असला की समोरचा आपोआप बाजूले होते. जीव वाचते माणसाचा.”

हे काही त्याच्याच डोक्यातून निघालेलं नाही. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर जीव वाचवतो, हे घोषवाक्य अमेरिकेतले बायकर कित्येक वर्षं मिरवत आले आहेत. म्हणून मी ते हसण्यावारी नेलं नाही. एका बाजूला फटाका सायलेन्सर धरला. दुसऱ्या बाजूला कंपनीचाच सायलेन्सर आणि वाचलेल्या पैशात दिवा, हेल्मेट, हॉर्न, ब्रेक. रस्ता मात्र आमचाच घेतला, यवतमाळ जिल्ह्यातला, राळेगाव ते वडकी. हायवेवरच्या शहरी बायकरांचा हिशेब आमच्या कामाचा नाही.

सुरुवात सायलेन्सरच्या तोंडापासून. ते मागे असतं. आवाज सगळीकडे पसरतो हे खरं, पण त्याचा जोर मागच्या बाजूला. आणि धोका येतो कुठून? दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस भागातल्या सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. त्यांचा अहवाल १९८१ मध्ये आला. तीन चतुर्थांशाहून जास्त अपघातांत धोका चालकाच्या नाकासमोरच होता, म्हणजे सरळ रेषेच्या डाव्या-उजव्या ४५ अंशांच्या आत. समोरच्या वाहनचालकाला मोटारसायकल दिसलीच नाही, हे मोठं कारण निघालं. अहवाल जुना आहे, शहरातला आहे, हे मान्य. पण समोरून येणारा धोका इथेही समोरूनच येतो.

आता आमच्या रस्त्यावर रोज घडणारी गोष्ट घ्या. पांदणीतून ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर चढतो. ड्रायव्हरच्या पुढ्यात उभा धुराडा धडधडत असतो, मडगार्डवर बसवलेले स्पीकर फुल आवाजात असतात. त्याला तुमचा फटाका ऐकू येईल तो तुम्ही अगदी जवळ आल्यावर, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. ताशी ६० किलोमीटरनं गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर कापते. कोरड्या डांबरावर, टायर चांगले असताना, ब्रेकचा विचार मनात आल्यापासून गाडी थांबेपर्यंत पस्तीस-चाळीस मीटर सहज जातात. उलट तोच ड्रायव्हर चढताना एकदा तरी डावी-उजवीकडे बघतोच. त्या क्षणी त्याला लागलेला दिवा दिसला तर तो थबकतो. भर उन्हातही. म्हणूनच १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा आपोआप चालू राहणं सक्तीचं झालं. पुतण्याची गाडी त्याच्या आधीची. बटण त्यालाच दाबावं लागतं आणि तो दाबत नाही, “बॅटरी उतरते” म्हणून.

वडकीजवळ नागपूर-हैदराबाद हायवेला लागलं की काचा वर करून एसीत बसलेल्या गाड्या. आत पोचते ती बहुतेक खालच्या सुरातली घरघर, आणि घरघर कोणत्या बाजूनं येतेय हे बंद गाडीत बसलेल्या माणसाला सांगणं कठीण. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज सुमारे ६ डेसिबलनं पडतो. म्हणजे लांबून सावध करण्याच्या कामी तो येत नाही.

एवढ्यावर फटाक्याला शून्य गुण देणं अन्यायाचं होईल. पाठमोरा चालणारा म्हातारा, रस्त्याच्या कडेनं बकऱ्या नेणारं पोरगं, गर्दीत अगदी शेजारी चाललेली उघड्या काचेची गाडी, इथे मोठ्या आवाजाचा उपयोग होतो. पण तेच काम हॉर्न करतो. त्याचं तोंड पुढे असतं आणि तो गरजेपुरताच वाजतो. फक्त तो चालू हवा. आमच्याकडच्या अर्ध्या गाड्यांचा हॉर्न सर्दी झाल्यासारखा वाजतो, आणि सायलेन्सरला हजारो रुपये देणारा माणूस हॉर्नच्या वायरीकडे ढुंकूनही बघत नाही. (प्रेशर हॉर्न लावायचा नाही, तोही बेकायदा आहे.)

आता बैलबंडी. शहरात बसून लिहिणाऱ्यांच्या तुलनेत ही कधी येत नाही, पण माझ्या मते आमच्या भागात निकाल लावायला ही एकटी पुरेशी आहे. दोन वर्षांपूर्वी पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) भरलेल्या बंडीमागे मी मोटारसायकलवर होतो. समोरून असाच एक फटाका लावलेला पोरगा आला, आणि बंडीजवळ आल्यावर त्यानं शोभा म्हणून एक्सलेटर पिळला. उजवा बैल बुजला. बंडी आडवी झाली, जू एका अंगाला गेलं. मी रस्ता सोडून नालीत उतरलो म्हणून वाचलो. बंडीवाला उतरून ओरडला, “काहून रे, बैलं मारतं का माये?” पोरगा कधीच निघून गेला होता. आपल्या आवाजानं समोरचा बाजूला झाला, असंच त्याला वाटलं असेल.

रोह्यांचंही, म्हणजे नीलगायींचंही, थोडंफार तसंच. दिवस मावळताना कळप हरभऱ्यात उतरतो. आवाजानं रोही पळतो, पण कोणीकडे पळेल ते त्यालाही ठाऊक नसतं. एक रस्ता ओलांडून गेला की मागचे दोन त्याच्या मागे उडी घेतात. इथे उपाय एकच, वेग कमी. त्याला पैसे पडत नाहीत, म्हणून तो कुणाला आवडत नाही.

आणि रात्र. शेतीची लाईन (वीज) रात्रीची असली की ओलितासाठी लोक अकरा-बाराला वावरात जातात. त्याच वेळी जिनिंगसमोर कापसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असते, शेवटच्या ट्रॉलीला ना रिफ्लेक्टर, ना लाल दिवा. ड्रायव्हर शेकोटीजवळ. अशा ट्रॉलीपुढे कितीही फटाके फोडा, ऐकायला कुणीच नाही. इथे तुमचा हेडलाईट नीट लागलेला आहे का, काच पिवळी पडली नाही ना, झोत आकाशाकडे चाललेला नाही ना, एवढंच कामाचं.

दुसऱ्या बाजूचे आकडेही बघू. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड भागातला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. चमकदार किंवा रिफ्लेक्टिव्ह कपडे घालणाऱ्या मोटारसायकलस्वारांना अपघाती इजेचा धोका ३७ टक्के कमी आढळला. दिवसा दिवा लावणाऱ्यांना २७ टक्के, आणि काळ्याऐवजी पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांना २४ टक्के कमी. आमच्या रस्त्यावर आकडे हेच राहतील असं नाही, दिशा मात्र स्पष्ट आहे. आणि अपघात झालाच, तर हेल्मेटमुळे मरणाचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी घटतो, असं अनेक अभ्यासांची एकत्र छाननी सांगते. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती.

चालकाच्या स्वतःच्या कानाचं कुणी बोलत नाही. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास, ही कानाची साधारण मर्यादा धरतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. शिवाय मागून ट्रक हॉर्न देतोय हे फटाकेवाल्याला कळतच नाही. ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिलेलं असतं, इथे उलटा प्रकार.

कायद्याचं थोडक्यात. १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलला आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. ती साडेसात मीटरवरून जाणाऱ्या गाडीची मोजतात. ती मोडली तर पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन बाद. जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो पोट्ट्यांच्या मोबाईलवर फिरतातच. त्याचं भय मी पुतण्याला घातलं नाही. फक्त भयानं ऐकणारा तो नाही.

मग हिशेब मांडला. सायलेन्सरवाल्यानं तीन हजार सांगितले होते. तेवढ्यात आयएसआय शिक्क्याचं चांगलं हेल्मेट येतं, हॉर्न आणि वायरिंग दुरुस्त होतं, नवा बल्ब बसतो, मागे चिकटवायला रिफ्लेक्टर टेप येते. त्याच्या गाडीला एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) नाही, ते १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून सक्तीचं झालं. त्यामुळे मागचा गुळगुळीत टायर आधी बदलायला हवा. त्याला वेगळे पैसे लागतील, ते मी देतो म्हटलं. नुसता आवाजच आवडतो म्हणून फटाका लावायचा असेल तर तसं सरळ म्हणावं, आवड ही काही गुन्हा नाही. जीव वाचवायचं कारण मात्र पुढे करू नये.

टायर बदलला. दिवा आता दिवसाही चालू असतो, बॅटरी अजून उतरलेली नाही. सायलेन्सर सध्या कंपनीचाच आहे. भांडण आता हेल्मेटच्या रंगावर आलं आहे. मी पांढरं म्हणतो, तो काळ्यावर अडून बसलाय. पांढरं घातलं तर पोट्टे ट्रॅफिक हवालदार म्हणून चिडवतील, असं त्याचं म्हणणं.