बंधाऱ्यांच्या वाटा आणि हायब्रीड सायकल: दिवाळी ते मृग, वापरानंतरचा अनुभव

कोल्हापूरच्या आसपास गाड्यांचा त्रास न होता दिवसभर सायकल फिरवता येते का, हा प्रश्न मला हल्ली वरचेवर ऐकायला मिळतो. येते, आणि भरपूर येते. फक्त गगनबावडा रोड, राधानगरी रोड, रत्नागिरी रोड ही नावं बाजूला ठेवायची आणि बंधाऱ्यांची नावं पाठ करायची. दिवाळीच्या तोंडावर घेतलेली गिअरची हायब्रीड (रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधली) सायकल मी मृग निघेपर्यंत जवळजवळ फक्त याच वाटांवर चालवली. म्हणून सायकल आणि वाटा, दोन्हींविषयी एकत्रच लिहितो.

पावसाळ्यात आपल्याकडं रोज एक बातमी येते: पंचगंगेवरचे शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ पाण्याखाली, भोगावतीवरचे राशिवडे, हळदी, सरकारी कोगे, खडक कोगे पाण्याखाली, तुळशीवरचे बीड, आरे, बाचणी, कासारीवरचे यवलूज, पुनाळ-तिरपण, ठाणे-आळवे. आपण ती पुराच्या काळजीनं वाचतो. पाऊस सरला की हीच यादी सायकलवाल्याचा नकाशा होते. यातलं प्रत्येक नाव म्हणजे नदी ओलांडायची एक अरुंद वाट. तिच्या दोन्ही टोकांना गावाकडं जाणारा रस्ता, आणि बहुतेक ठिकाणी तिथं मोठी गाडी फिरकतही नाही.

हे असं का झालं, ते समजून घेण्यासारखं आहे. शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरी धरणाचं काम सुरू केलं ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. धरणाचं पाणी उन्हाळ्यात कालव्यानं नेण्याऐवजी नदीतच सोडायचं, ठिकठिकाणी अडवायचं आणि दोन्ही काठांवरच्या शेतकऱ्यांनी मोटारीनं उपसायचं, अशी आपल्याकडची रीत. त्यासाठी दगडी खांबांमध्ये फळ्या सरकवून पाणी तुंबवणारे बंधारे झाले. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ हे नाव पुढं महाराष्ट्रभर गेलं. पाऊस संपला की बर्गे, म्हणजे या फळ्या, घालतात, पुढच्या पावसाआधी काढतात. बांधले पाण्यासाठी, पण वरची फरशी चालायला मोकळी राहिली आणि समोरासमोरची गावं जोडली गेली. परदेशात बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर सायकलवाटा केल्याचं आपण वाचतो. आपल्याकडं तसं काही मुद्दाम केलेलं नाही, तरी पाच नद्यांच्या खोऱ्यात हे जाळं आयतं तयार आहे.

आता सायकल. ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढं तीन आणि मागं आठ गिअर, केबलवर चालणारे डिस्क ब्रेक, ७०० × ३८ चे टायर, मागं कॅरियर. पुढं सस्पेन्शन नाही, आणि ते नको असं मी दुकानात ठामपणे सांगितलं होतं. स्वस्तातलं सस्पेन्शन वजन वाढवतं, चढाला पायातला जोर खातं आणि धुळीनं लवकर कुरकुरायला लागतं. आपल्या वाटांवर खरं काम टायर करतात. दुकानदारानं देताना हवा दगडासारखी टणक भरून दिली होती. ती मी ५० पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) आणली आणि पाणंदीतून, म्हणजे शेतातल्या कच्च्या वाटेनं, जायचं असेल तेव्हा ४५ वर. माझं वजन सत्तरच्या आसपास आहे, त्यापेक्षा जास्त असेल त्यांनी थोडी वाढवावी. एवढ्या एका बदलानं खडीच्या रस्त्यावर मनगटं दुखायची थांबली. बारीक टायरची रोड बाइक घेऊन या वाटांवर येऊ नका. जाड टायरची माउंटन बाइक चालेल, पण डांबरावर दिवसभरात ती दमवते.

खोऱ्यातून फिरताना चढ कमीच. तरीही पुढची सगळ्यात लहान चक्री मला अनेकदा लागली, कारण बंधारा नदीच्या पात्रात असतो आणि गाव वर, पुराच्या रेषेपलीकडं. बंधाऱ्यावर उतरताना छान वाटतं, पण पलीकडचा चढ आखूड आणि उभा असतो, त्यात वळणावर वाळू. उतरतानाच गिअर हलका करून ठेवायचा. आणखी एक: पुष्कळ बंधाऱ्यांना कठडा नाही. समोरून दुचाकी येत असेल तर आपण अलीकडंच थांबायचं आणि तिला येऊ द्यायचं. मुलं बरोबर असतील तर उतरून, सायकल हातात धरून चालायचं.

पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी कसबा बीड सुचवेन. बालिंग्यापर्यंत मोठा रस्ता सोसायचा, तिथून कोग्याकडं वळलं की आवाज संपतो. भोगावती ओलांडून पलीकडं गेलात की उसातून बीड. शिलाहार राजांच्या काळातलं हे गाव. पावसाळ्यात इथल्या शेतांत सोन्याची बारीक नाणी सापडतात, हे करवीर तालुक्यात पोरासोरांनाही माहीत आहे. मला मात्र तिथले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, ओढून नेतात. सायकल भिंतीला लावून एका वीरगळाजवळ उकिडवं बसा आणि खालून वर बघत जा. खालच्या चौकटीत लढाई, पडलेला वीर. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेताहेत. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलाय. दगडावर हात फिरवला तर घोड्याची आयाळ अजून बोटाला लागते. गाडीनं आलेला माणूस देवळाला नमस्कार करून दोन मिनिटांत परततो. सायकलवाल्याला दम खायला बसावंच लागतं आणि म्हणून त्याला हे दिसतं.

दिवाळीनंतर कारखाने सुरू होतात आणि सगळं चित्र बदलतं. मोठ्या रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉल्या, मागं लाल दिवा नाही, बाहेर आलेल्या मोळ्या. अंधारात तिथं सायकल घालणं म्हणजे जिवाशी खेळ. अरुंद बंधाऱ्यांवरून त्या ट्रॉल्या जाऊ शकत नाहीत, म्हणून हंगामात या वाटांची किंमत जास्तच कळते. आणि याच दिवसांत गुऱ्हाळं चालू असतात. खुपिऱ्याच्या पुढं एका गुऱ्हाळावर पाण्याची बाटली भरायला थांबलो, तर चुलवाणात चिपाडं सारणारा म्हातारा म्हणाला, “पावणं, पाणी कसलं भरताय? बसा की, काकवी खाऊन जावा.” गूळ करणारा गुळव्या काहिलीतल्या फेसाकडं डोळे लावून उभा होता. मध्येच त्यानं रस थोडा पाण्यात टाकून बोटानं चाचपला आणि मान हलवली: अजून नाही. ताज्या काकवीबरोबर घरची भाकरी मिळाली. पैसे कुणी घेतले नाहीत. लांबच्या फिरतीला मी आता एनर्जी बार नेत नाही, एक गुळाचा खडा आणि शेंगदाणे पुरतात.

सायकलची तक्रार म्हणाल तर दोन. पहिली मडगार्डची. कंपनीचे मडगार्ड टायरला फार चिकटून आहेत. अवकाळीनं पाणंदीत काळी माती ओली झाली की ती टायर आणि मडगार्डच्या मध्ये अशी भरते की चाक फिरायचंच बंद होतं. काठीनं खरवडत बसण्यात माझी एक अख्खी सकाळ गेली. मडगार्ड थोडे वर उचलून बसवून घेतले, आता बरं आहे, पण हे कारखान्यातूनच व्हायला हवं होतं. दुसरी तक्रार व्हॉल्व्हची. ट्यूबला बारीक, प्रेस्टा व्हॉल्व्ह आहे आणि खेड्यातल्या पंक्चरवाल्याकडचा पंप मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचा. छोटं पितळी ॲडॉप्टर अगदी थोड्या पैशांत मिळतं. ते व्हॉल्व्हलाच लावून ठेवा, खिशात ठेवलं तर हरवतं. पंक्चर मुख्यतः बाभळीच्या काट्यांनी होतं, तेव्हा एक जादा ट्यूब हवीच.

ब्रेक चांगले निघाले. पॅड अजून मूळचेच आहेत, केबल मात्र दोनदा ताणून घ्यावी लागली. गादीची सवय व्हायला वेळ लागला, तेवढंच.

दोन दिवसांची सहल करायची असेल तर खालच्या अंगाला, शिरोळ तालुक्यात जा. पंचगंगेच्या काठाकाठानं रुईकडून तेरवाडच्या बाजूला उतरत जायचं, सगळा सपाट मुलूख. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथं मुक्काम. सकाळी कुरुंदवाडच्या घाटाजवळ संताजी घोरपड्यांची समाधी बघून अकिवाट, सैनिक टाकळीवरून खिद्रापूर. तिथल्या कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप ४८ खांबांवर उभा आहे आणि वर छताच्या जागी गोल आकाश. उन्हातून सायकल हाणत आल्यावर त्या थंड दगडी मंडपात पाय टेकले की अंगातला शीण उतरतो. मंदिराच्या अधिष्ठानावर सभोवार हत्ती कोरलेत. एकेकाची झूल, घंटा, वरचा स्वार वेगळा आहे, ते बघायला तास राखून ठेवा. कॅरियरवर दोन्ही बाजूंच्या पिशव्या धरून दहा-बारा किलो ओझं होतं, सायकल कुठं डगमगली नाही.

आता बर्गे निघालेत. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी, पण आपल्या वाटा त्याच्या खूप आधी बुडतात. फरशीवर वीतभर पाणी असलं तरी सायकल घालू नका, पाण्याची खालची ओढ दिसत नाही. दसऱ्यापर्यंत साखळी धुऊन, तेल देऊन, टायरची हवा राखून सायकल घरात. पाणी ओसरलं की मला कासारीच्या अंगाला जायचंय: यवलूज, पुनाळ-तिरपण, बाजारभोगाव आणि जमलं तर पुढं गजापूरपर्यंत, पावनखिंडीकडं. तिथं चढ आहे, म्हणून मागं ३४ दात्यांची चक्री बसवून घेणार आहे. सध्याची ३२ ची आहे आणि ओझ्यासकट ती कमी पडेल असं वाटतं. कुणी त्या बाजूला सामान लादून गेलं असेल तर ३४ पुरते का, ते सांगा.