फिलिप पेटिट यांचं 'जस्ट फ्रीडम': मालक चांगला मिळाला म्हणून माणूस मोकळा होत नाही

स्वातंत्र्यावरचं एकच पुस्तक सांग असं कुणी विचारलं तर मी हल्ली फार विचार न करता फिलिप पेटिट यांचं 'जस्ट फ्रीडम' सांगते. २०१४ साली नॉर्टनने काढलेलं, क्वामे अँथनी अपिया ज्या ग्लोबल एथिक्स मालिकेचे संपादक आहेत त्या मालिकेतलं. पेटिट म्हणजे आजच्या राजकीय तत्त्वज्ञानातलं मोठं नाव, पण त्यांची बाकीची बरीच पुस्तकं प्राध्यापकांनी प्राध्यापकांसाठी लिहिलेली वाटतात, हे मात्र तुमच्याआमच्यासाठी लिहिलंय, म्हणजे दम लागतो पण फिलॉसॉफीची डिग्री लागत नाही.

मुद्दा तसा दोन ओळींचा आहे. आज कुणी तुमच्या आड येत नाहीये एवढ्याने तुम्ही स्वतंत्र होत नाही, उद्या कुणाच्या मनात आलं तरी त्याला मनमानी करून आड येता येऊ नये, अशी सोय असेल तर तुम्ही स्वतंत्र. ऐकायला साधं वाटतं पण एकदा हे डोक्यात बसलं की घर, ऑफिस, सरकार सगळीकडे वेगळंच दिसायला लागतं.

सुरुवातीलाच ते इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस' या नाटकातली नोरा समोर आणतात. नवरा टोर्वाल्ड बँकेत मोठ्या हुद्द्यावर चढलेला, बायकोचे लाड करणारा, मॅकरून खाऊ नकोस एवढी एक बंदी आणि ते तर ती लपवून खातेच. मग हिला कमी काय? कमी हे की त्या काळच्या कायद्याने आणि रीतीने सगळी सूत्रं टोर्वाल्डच्या हातात दिलेली आहेत, तो हो म्हणतोय तोवर सगळं छान चाललंय आणि त्याचं मन फिरलं तर हिच्या हातात काहीच नाही. पेटिट म्हणतात लगाम सैल सोडला की घोडा हवा तिकडे जातो, पण खोगिरावर बसलेला माणूस काही उतरलेला नसतो. मला हे चित्र फार आवडलं कारण याच्यात स्वार क्रूर असायची गरजच नाही.

मला हे इतकं भिडलं त्याला कारण आहे. मी आधी एका ठिकाणी वर्षाच्या करारावर काम करायचे. साहेब मनाने खरंच चांगले, कधी आवाज चढवला नाही, सुट्टी मागितली की द्यायचे, पण करार पुढे चालू ठेवायचा की नाही हे पूर्ण त्यांच्या मर्जीवर, कारण द्यायची गरज नाही आणि वर दाद मागायची सोय नाही. त्यामुळे अर्ज घेऊन केबिनमध्ये जायच्या आधी आम्ही दारातूनच त्यांचा चेहरा वाचायचो, मूड बरा दिसला तर आत नाहीतर दुपारनंतर, आणि मीटिंगमध्ये त्यांच्या आकड्यात चूक दिसली तरी आधी प्रेझेंटेशनचं कौतुक करायचं आणि मग हळूच 'सर, हे एकदा बघता का' असं म्हणायचं. आमच्यात कुणी भित्रं नव्हतं. व्यवस्थाच अशी होती की चांगल्या माणसासमोरही मिंधं राहावं लागायचं, आणि त्यांनी आमच्यावर कधीच अन्याय केला नाही त्यामुळे तक्रार तरी कशाची करणार! पेटिट नेमकी तीच तक्रार शब्दात मांडतात.

पुस्तकातला सगळ्यात भारी भाग म्हणजे विसाव्या शतकातले विचारवंत आयझाया बर्लिन यांच्याशी घातलेला वाद. बर्लिन यांचं १९५८ चं ऑक्सफर्डमधलं भाषण या विषयात सगळ्यांनाच वाचावं लागतं, कुणी आड न येणं म्हणजे स्वातंत्र्य ही बाजू त्यांनी तिथे उचलून धरली. पण ते सतराव्या शतकातल्या हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञासारखं असं म्हणत नव्हते की तुम्हाला जे करायचंय तेवढं करता आलं की झालं. त्यांचं म्हणणं, असं मानलं तर कैद्याने बाहेर जायची इच्छाच सोडून दिली की तो तुरुंगात बसल्या बसल्या स्वतंत्र झाला म्हणावं लागेल आणि हे तर उघड चुकीचं आहे, म्हणून तुम्हाला जे दार नकोय तेही उघडं पाहिजे. इथपर्यंत बर्लिन. आता पेटिट पुढचं पाऊल टाकतात की ठीक आहे, सगळी दारं उघडी आहेत, पण प्रत्येक दाराशी एक दरवान आहे आणि त्याच्या मनात आलं तर तो दार लावू शकतो, म्हणून तुम्ही त्याची मर्जी सांभाळता, हांजी हांजी करता, आणि दार उघडं राहतं. इच्छा मारून माणूस स्वतंत्र होत नसेल तर हुजरेगिरी करून तरी कसा होईल? पहिलं मान्य केलं की दुसरं नाकारता येत नाही, आणि मग नुसती दारं उघडी असून भागत नाही, दरवानाच्या हातातली ती ताकदच काढून घ्यावी लागते. मी हा भाग वाचून पुस्तक बाजूला ठेवलं आणि बराच वेळ बर्लिन यांच्या बाजूने उत्तर शोधत बसले, चांगलं उत्तर सापडलं नाही.

यातलं फारसं काही आपण नव्याने शोधलेलं नाही असं पेटिट स्वतःच सांगतात आणि हा प्रामाणिकपणा मला आवडतो. रोममध्ये स्वतंत्र नागरिक म्हणजे ज्याच्यावर कुणी मालक नाही तो, गुलामाचा मालक कितीही मायाळू असला तरी तो गुलाम तो गुलामच. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये अल्जर्नन सिडनी यांनीही हेच लिहिलं की जगातल्या सगळ्यात भल्या माणसाची चाकरी करणाराही गुलामच असतो. पुढे अमेरिकन वसाहतींचं भांडण पेटलं त्याच्या मुळाशीही हे होतं. १७६६ च्या कायद्याने ब्रिटिश पार्लमेंटने जाहीर केलं की वसाहतींना कुठल्याही बाबतीत बांधील करायचा आम्हाला अधिकार आहे. करांचे आकडे फार मोठे नव्हते, पण जोसेफ प्रीस्टली (ऑक्सिजनवाले तेच) यांचा युक्तिवाद असा की ज्या अधिकाराने आज एक पेनी घेता येते त्याच अधिकाराने शेवटची पेनीही घेता येईल. मग अठराव्या शतकाच्या शेवटी बेंथॅम आणि पेली यांच्यासारख्या इंग्रज विचारवंतांनी स्वातंत्र्याची व्याख्या पातळ केली, आड न येणं एवढंच ठेवलं. पेटिट यांचं म्हणणं असं की बायका आणि कामगार यांनाही स्वातंत्र्याच्या हिशोबात धरायची वेळ आली तेव्हा जुनी व्याख्या फार महाग पडली असती. हे मला पटतं, पण याला पुरावा अजून हवा होता, इथे ते जरा घाईत पुढे जातात.

लेखकाबद्दल थोडं सांगायला हवं कारण त्याशिवाय हे पुस्तक कुठून आलं ते कळत नाही. पेटिट यांचा जन्म १९४५ चा, आयर्लंडमधल्या गॉलवे परगण्यातल्या बॅलीगार गावचा. शिक्षण मेनूथला, म्हणजे जिथे कॅथलिक धर्मगुरू घडवतात तिथे, आणि नंतर बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत. १९९७ च्या 'रिपब्लिकनिझम' या त्यांच्या गाजलेल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहिलंय की त्या संस्थांनी अभ्यासाची गोडी लावली, आपलेपणा दिला, पण तिथल्या अधिकाऱ्यांच्या नजरेला नजर देणं अवघड होतं आणि एकूण सगळं शिक्षण दबून राहण्याचंच होतं. मला ही ओळख फार मोलाची वाटते, कारण पुढे नजरेला नजर देणं हीच त्यांनी न्यायाची कसोटी केली. मधे डब्लिन, केंब्रिज, ब्रॅडफर्ड अशा नोकऱ्या झाल्या, १९८३ ला कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत गेले आणि २००२ ला अमेरिकेतल्या प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीत. कॅनबेराच्या काळात गुन्हेगारीशास्त्रातले जॉन ब्रेथवेट यांच्यासोबत शिक्षा कशासाठी द्यायची यावर पुस्तक लिहिलं, १९९० साली. त्यात ही कल्पना आधीच दिसते, म्हणजे पोलीस, कोर्ट, तुरुंग यांच्या हातात किती ताकद द्यायची या अगदी रोखठोक प्रश्नावर ती घासून निघालेली आहे. पुस्तकी तत्त्वज्ञान आणि यात जो फरक जाणवतो तो मला वाटतं इथून येतो.

आणि मग स्पेन. होसे लुइस रोद्रिगेझ सापातेरो २००० मध्ये तिथल्या समाजवादी पक्षाचे नेते झाले तेव्हा त्यांनी पेटिट यांचं लिखाण वाचून तेच आपलं धोरण म्हणून पुढे केलं, २००४ ला पंतप्रधान झाल्यावर पेटिट यांना माद्रिदला भाषणाला बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की पुढच्या निवडणुकीआधी परत या आणि आमचं सरकार या तत्त्वांना जागलं का ते तपासा. पेटिट २००७ मध्ये खरंच गेले आणि जाहीर तपासणी केली. या काळात स्पेनमध्ये घरातल्या हिंसेविरुद्धचा कायदा आला, समलिंगी लग्नाला मान्यता मिळाली, परावलंबी लोकांच्या देखभालीचा कायदा झाला, सरकारी टीव्ही सरकारच्या मुठीतून थोडा सुटला. एखाद्या तत्त्वज्ञाला सत्तेतला माणूस बोलावून प्रगतिपुस्तक मागतो हे क्वचितच होतं.

स्वशासनाचा प्रश्न पुस्तकाच्या दुसऱ्या अर्ध्यात येतो आणि तो अवघड आहे. सरकार कर घेतं, दंड करतं, नियम लावतं, म्हणजे रोज आड येतं, मग ते आपलं मालक का नाही? पेटिट यांचं याबाबतीत एक उदाहरण आहे जे मी बऱ्याच जणांना सांगितलंय. समजा मीच माझ्या दारूच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडे दिली आणि सांगितलं की मी मागितली तरी २४ तासांनीच परत द्यायची. रात्री मी मागितली, तुम्ही नाही म्हणालात. तुम्ही माझ्या आड आलात पण तुम्ही माझे मालक झाला नाहीत, कारण हा नियम माझा होता. सरकारचंही तसंच असलं पाहिजे, त्याच्या आड येण्यावर लोकांचा ताबा पाहिजे आणि तो प्रत्येकाचा सारखा पाहिजे. नुसतं पाच वर्षांनी मत देऊन तो ताबा येत नाही, त्यासाठी कोर्ट, माहिती, मोकळी पत्रकारिता, चळवळी, निर्णयाला आव्हान द्यायच्या जागा हे सगळं लागतं.

हे तपासायला ते तीन कसोट्या देतात. एक, समाजात कुणाच्याही नजरेला नजर देऊन भीती किंवा लाचारी न वाटता उभं राहता येतं का. दोन, सरकारचा निर्णय माझ्या विरोधात गेला तर मला 'यावेळी नशीब नव्हतं' असं वाटतं, की कुणीतरी मुद्दाम माझ्यावर डूख धरून बसलंय असं वाटतं. तीन, देशादेशांत मोठेपणा न मिरवता आणि पाय न धरता सरळ बोलता येतं का. दुसरी कसोटी मला सगळ्यात उपयोगी वाटते. घराजवळून रस्ता जाणार म्हटल्यावर चिडचिड होणारच, पण आखणी कशी झाली ते उघड असेल, हरकत ऐकून घेतली असेल आणि दरवेळी त्याच गरीब वस्तीतून रस्ता जात नसेल तर ती चिडचिड वेगळी असते. आणि दरवेळी त्याच वस्तीतून जात असेल तर मतपेटी कितीही चकचकीत असली तरी तिथल्या लोकांसाठी ते स्वशासन नाही.

आता जे कमी पडलं ते. पेटिट कामगाराला मनमानीने कामावरून काढण्यापासून संरक्षण पाहिजे, आजारपणात, बेकारीत आधार पाहिजे असं म्हणतात, चांगलंच आहे, पण कंपनीच्या आतली सत्ता कुणाची हा प्रश्न ते नीट हातात घेत नाहीत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या नाइट्स ऑफ लेबर या कामगार संघटनेवाल्यांनी हीच स्वातंत्र्याची भाषा घेऊन पगारी गुलामीबद्दल बोलायला आणि सहकारी कारखाने मागायला सुरुवात केली होती, ती परंपरा इथे यायला हवी होती. दुसरं, आव्हान द्यायच्या जागा आहेत हे ठीक, पण दोन शिफ्ट करणारी बाई सुनावणीला कधी जाणार? ज्याच्याकडे वेळ, वकील आणि भाषा आहे त्याचाच ताबा वाढत जातो. आणि देशांच्या स्वातंत्र्याचं शेवटचं प्रकरण मला सगळ्यात अशक्त वाटलं. सापातेरोंच्याच सरकारला २०१० च्या मे महिन्यात सरकारांना कर्ज देणाऱ्या बाजाराच्या दबावाखाली पगार आणि खर्च कापावे लागले, तिथे कुणी टोर्वाल्ड नव्हता, एकच असा मालक दाखवता येत नव्हता, आणि असं बिनचेहऱ्याचं वर्चस्व या पुस्तकाच्या भाषेत नीट बसत नाही. पेटिट यांनी स्पेन जवळून पाहिलेला असल्यामुळे हे त्यांच्याकडूनच वाचायला जास्त आवडलं असतं.

तरीही पाचपैकी साडेचार देईन. कॉलेजमध्ये राज्यशास्त्र शिकणाऱ्यांनी, युनियनमध्ये, सोसायटीत, संस्थेत काम करणाऱ्यांनी आणि वकिली करणाऱ्यांनी तर वाचाच. तिसरं प्रकरण, कुठली कुठली स्वातंत्र्यं मूलभूत धरायची त्याचं, थोडं जड जातं, पहिल्यांदा वाचताना भरभर पुढे गेलात तरी चालेल, पण दुसरं आणि पाचवं हळू वाचा. यानंतर आणखी हवं असेल तर १९९७ चं 'रिपब्लिकनिझम' घ्या, आणि स्वशासनाचा युक्तिवाद पूर्ण लांबीने हवा असेल तर २०१२ चं 'ऑन द पीपल्स टर्म्स', त्यात तळटीपा भरपूर आहेत आणि पेन्सिल जवळ ठेवावी लागते.