जुनी ब्रूक्स सीट दुरुस्तीला देण्यापूर्वी : नाशिकमधील एक फसवणूक

जुन्या सायकलींची हौस नाशिकमध्ये वाढली आहे, आणि त्या हौसेच्या मागोमाग फाटकी चामडी सीट ‘नव्यासारखी करून देतो’ असे सांगणारी माणसेही आली आहेत. त्यांच्यापैकी एकाने माझ्या वडिलांच्या रॅले सायकलची ब्रूक्स सीट दुरुस्तीसाठी नेली आणि मला दुसरीच सीट परत दिली. हे काम इतक्या सफाईने होते की अनेकांना आपली वस्तू बदलली गेल्याचे कळतही नसेल, म्हणून सर्व प्रकार सविस्तर लिहीत आहे.

जुन्या सीटवर कुणी डोळा का ठेवावा, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे १८६६ साली सुरू झालेल्या ब्रूक्स कंपनीच्या या सीटमध्ये स्पंज किंवा गादी नसते. पोलादी सांगाड्याच्या पुढच्या नाकापासून मागच्या पट्टीपर्यंत जाड चामड्याचा एकच तुकडा झोळीसारखा ताणून रिव्हेटने, म्हणजे ठोकून बसवायच्या धातूच्या मेखांनी, बसवलेला असतो, आणि नाकाखालच्या बोल्टने त्याचा ताण कमी-जास्त करता येतो. चामडे गेले तरी सांगाडा आणि स्प्रिंगा पुढे कित्येक वर्षे चालतात. त्यामुळे फाटलेली सीट आपल्याला भंगार वाटली तरी जुन्या वस्तू जमवणाऱ्यांच्या बाजारात तिच्या सांगाड्याला चांगली किंमत मिळते, आणि दुरुस्तीच्या मजुरीपेक्षा खरी कमाई तिथे आहे.

आमची सीट बी ६६ या प्रकारची, मागे दोन मोठ्या स्प्रिंगा असलेली होती. चामडे वाळून मध्ये खचले होते आणि मागच्या रिव्हेटांभोवती चिरा पडल्या होत्या. असे कोरडे पडून कुजलेले चामडे तेल पाजून जिवंत होत नाही; ते काढून मूळ सांगाड्यावर नवे चामडे चढवणे हाच उपाय असतो, आणि प्रामाणिक कारागीर ते तोंडावर सांगतो. हा गृहस्थ मात्र म्हणाला, “काका, चामडं तेच ठेवतो, फक्त त्यात जीव आणतो. रिव्हेट तेवढे तांब्याचे टाकू, त्याचे वेगळे पडतील.” त्याने फोनवर जुन्या कामांचे सुंदर फोटो दाखवले. ते फोटो दुसऱ्याच कुणाच्या कामाचे होते, हे पुढे एका ओळखीच्या सायकलप्रेमीने दाखवून दिले. अडीच हजार रुपये आगाऊ घेतले, बिल दिले नाही, आणि त्यानंतर ‘लेदर कानपूरहून यायचंय’ हे पालुपद सुरू झाले.

सीट परत आली तेव्हा ती काळी, तुकतुकीत होती आणि मागच्या बाजूला आमचीच ब्रूक्सच्या नावाची पट्टी बसवलेली होती. फसवणुकीचे मर्म या पट्टीत आहे. मालकाची नजर आधी नावावर जाते, नाव ओळखीचे दिसले की खालचा सांगाडा कुणी तपासत नाही. माझ्या लक्षात आले ते वेगळ्या कारणाने. उजव्या स्प्रिंगची तार फार पूर्वी तुटली होती आणि वडिलांनी ती पितळेने झाळून घेतली होती; सांध्यावर पिवळसर, ओबडधोबड गाठ होती. परत आलेल्या सीटची उजवी स्प्रिंग एकसंध होती. विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “काका, बफिंग केलं ना, साफ झालं ते.” बफिंगने वरची गाठ घासली जाईल, पण तुटलेल्या तारेची दोन टोके पितळेनेच धरलेली असतात. पितळ पूर्ण काढले तर तार पुन्हा सुटी होईल. एकसंध स्प्रिंगचा अर्थ एकच, की ती स्प्रिंग आमची नव्हती.

मग मी ती सीट तांबट आळीत एका जुन्या कारागिराकडे नेली. त्यांनी काही न बोलता रिव्हेटला लोहचुंबक लावला आणि तो चिकटला. तांब्याला चुंबक चिकटत नाही. हे लोखंडी रिव्हेट होते, वर नुसता तांब्याचा मुलामा. (मूळ ब्रूक्समध्येही काही प्रकारांत पोलादी रिव्हेट असतात, त्यामुळे चुंबक चिकटला म्हणजे सीट नकली असे समजू नये. येथे पैसे तांब्याचे घेतले होते.) त्यानंतर चामड्याचे काम करणाऱ्या एका मामांनी सीट उलटी करून कडेचा थोडासा भाग आरीने उचलला. वर पातळ चामडे, त्याची कापलेली कड आतून निळसर राखाडी, आणि त्याखाली डिंकाने चिकटवलेला दाबीव पुठ्ठा. निळसर कड ही क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेल्या चामड्याची खूण आहे. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेले चामडे आतपर्यंत तपकिरी दिसते, आणि अशा सीटला तेच लागते, कारण ते पाण्यात भिजवून आकारावर ताणले की वाळल्यावर तो आकार धरून ठेवते. क्रोमचे चामडे मऊ असते, ते थोड्याच दिवसांत खचते. खरे काम करणारा साधारण पाच मिलिमीटर जाडीचे चामडे भिजवतो, साच्यावर ओढतो, सावलीत सावकाश वाळवतो आणि मगच रिव्हेट ठोकतो. दोन दिवसांत सीट देतो म्हणणारा वरून खोळ चिकटवणार हे नक्की समजावे.

ज्यांना सीट दुरुस्तीला द्यायची आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की ती देण्याआधी उलटी करून खालच्या बाजूचे, स्प्रिंगांचे, गंजाच्या खड्ड्यांचे आणि जुन्या डागडुजीचे जवळून फोटो काढून ठेवावेत. सांगाड्याच्या आतल्या बाजूला कानसीने स्वतःची बारीक खूण करावी. मूळ सांगाडा तोच राहील आणि काढलेले जुने चामडे परत मिळेल, असे पावतीवर लिहून घ्यावे. चामडे परत द्यायला जो खळखळ करतो, त्याच्याकडे काम देऊच नये. चामडे काढल्यानंतरच्या उघड्या सांगाड्याचा त्या दिवशीच्या वर्तमानपत्राशेजारी फोटो मागावा. खऱ्या कारागिराला त्यात काहीच अडचण नसते.

फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. विश्वासाने दिलेली वस्तू बदलून ठेवणे हा केवळ सेवेतील दोष नाही. भारतीय न्याय संहितेत विश्वासघातासाठी कलम ३१६ आणि फसवणुकीसाठी कलम ३१८ आहे. म्हणून मी पोलीस ठाण्यातही लेखी अर्ज दिला, सोबत आधीचे आणि नंतरचे फोटो जोडले. अर्ज गेल्याचे कळताच त्या गृहस्थाने पैसे परत करण्याची तयारी दाखवली, मात्र अर्ज मागे घेण्याच्या अटीवर. ती मी नाकारली आहे. पैशांचा प्रश्न दुय्यम आहे, मला वडिलांच्या सीटचा सांगाडा परत हवा आहे. बी ६६ चा सांगाडा, उजव्या स्प्रिंगवर पितळेची झाळ आणि मागे नावाची पट्टी नाही, अशी सीट कुणाला विकत मिळत असेल तर ती घेण्याआधी विक्रेत्याला ती कुठून आणली हे विचारावे आणि तिचे फोटो काढून ठेवावेत.