शिंपल्यांचा पिंजरा-संच : पिंजरा घ्या, बाकीचं राहू द्या

संप्रेरकांचं (हार्मोनचं) काम बिघडवणारी पाण्यातली रसायनं शिंपल्यांवरून ओळखायचा हा संच: शिंपले पिंजऱ्यात घालून पाण्यात ठेवायचे, मग त्यांचं मांस तपासायचं. तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यात वापरून पाहिला. पाचपैकी अडीच गुण.

जाळी एचडीपीई या टणक प्लास्टिकची, दणकट. तीस शिंपले आरामात मावतात, गाळ साचला तरी हिसडा दिला की निघतो. चौकट मात्र पीव्हीसी नळ्यांची! पीव्हीसीतून थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी, संप्रेरकं बिघडवणारी रसायनं) सुटू शकतात, म्हणजे जे शोधायचं तेच आपण पाण्यात सोडणार. स्टेनलेस स्टीलची सळई वाकवून घ्या. स्वस्त म्हणून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) तार नको, जस्त शिंपल्यांना बाधतं. सोबतच्या प्लास्टिक पिशव्याही बाद. मांस अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून काचेच्या बरणीत, उणे २० अंशांवर ठेवा. शिवाय पिंजरा एकच मिळतो. वरच्या अंगाला, स्वच्छ पाण्यात दुसरा टाकल्याशिवाय तुलना कशाशी करणार?

एएलपी (अल्कलीने सुटणारं फॉस्फेट) चाचणीची रसायनं ठीक आहेत. ही चाचणी अंड्याच्या बलकाच्या प्रथिनाला जोडलेलं फॉस्फेट मोजते. नरांत ते वाढलं तर इस्ट्रोजेनसारख्या (मादीच्या संप्रेरकासारख्या) रसायनाचा संशय घ्यायचा. माहितीपत्रकात नर-मादी वेगळे करण्याबद्दल अवाक्षर नाही. माद्यांत ते मुळातच जास्त. सगळं मांस एकत्र वाटलं तर प्रदूषणाऐवजी माद्याच मोजल्या जातात. जननग्रंथीचा थेंब काचपट्टीवर घ्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघा: मादीची अंडी मोठी, गोल, नराचे शुक्राणू बारीक, वळवळणारे. कल्ले पिल्लांनी फुगलेले दिसले की ती मादीच.

मांसातलं इस्ट्राडायोल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार, स्टेरॉइड संप्रेरक) मोजून देण्याची जादा सेवा घेऊ नका. शिंपले पाण्यातली स्टेरॉइड शोषून धरून ठेवतात; त्यामुळे आकडा आला तरी ते त्यांनी स्वतः बनवलं असं म्हणता येत नाही.

भुसावळच्या उन्हात शिंपले बादलीभर पाण्यातून नेले तर प्राणवायू संपून मरतात. ओल्या गोणपाटात, पहाटे न्या. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की पिंजरा हाती लागेल याची खात्री नाही.

खोक्यावर ‘समुद्रासाठीही’ छापलंय. तापीतले शिंपले सुरतेपलीकडे खाऱ्या पाण्यात टाकले तर मरतील. तिथे हिरवे शिंपले किंवा कालवं लागतात. आणि जहाजांच्या रंगातल्या टीबीटी (ट्रायब्युटिलटिन) या विषारी रसायनासाठी (२००८ पासून आंतरराष्ट्रीय बंदी, पण तळच्या गाळात अजून सापडतं) हा संच उपयोगाचाच नाही. त्याची खूण समुद्री गोगलगायींत दिसते: मादीला नराचं इंद्रिय फुटतं. ते मोजायला सूक्ष्मदर्शक आणि व्हर्नियर कॅलिपर पुरे.